मामांची प्रेस थांबते

पिरंगुटजवळच्या आमच्या कारखान्यात बायकांच्या बाथरूमकडे जायचं तर अंग चोरून, तिरकं होऊन जावं लागायचं. वाटेच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे ब्रॅकेट रचलेले असायचे. स्कूटरच्या सीटखाली एक डावा आणि एक उजवा, असे ते जोडीनं बसतात. आमच्याकडे डावे डोंगराएवढे होते. उजवे नसायचेच. गिऱ्हाईक कंपनीची गाडी गेटावर उभी राहायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, आणि उत्पादनाचं नियोजन माझ्याकडे असल्यानं त्याला चहा पाजायचं कामही माझ्याकडेच होतं.

ब्रॅकेट ठोकणारी प्रेस मामांकडे होती. मामा जवळच्याच भरे गावचे. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा. प्रेस थांबली तर लाईट गेली असं समजायचं, अशी त्यांची ख्याती होती. डाव्याची डाय, म्हणजे पत्रा कापणारा जड साचा, उतरवून उजव्याची चढवायची तर अर्धी सकाळ जायची, म्हणून चढलेली डाय मामा चालूच ठेवायचे.

साहेबांनी मला पुण्याला एका प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून मी एक साधी गोष्ट शिकून आले : मागच्यानं पुढं माल ढकलायचा नाही, पुढच्याला लागेल तेव्हा त्यानं तो मागायचा. मी प्रेसशेजारी जमिनीवर पिवळ्या रंगाचे दोन चौकोन आखले, एक डाव्याचा, एक उजव्याचा. त्यात मावतील तेवढेच निळे क्रेट ठेवले. वेल्डिंगवाल्यानं क्रेट रिकामा करून परत पाठवला, की मामांनी तो भरायचा. रिकामा क्रेट नसेल तर प्रेस बंद.

"बंद ठिवायची आन् मी काय करायचं?" मामांनी विचारलं.

"थांबायचं."

"बसून पगार घ्यायला मी काय पुढारी हाय का, मॅडम?"

एरवी ते मला ताई म्हणत. मॅडम म्हणाले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पण पहिले काही दिवस फारच छान गेले. रिकामे क्रेट भराभर परत येत होते, प्रेस धडधडत होती. पद्धत लागू पडली असं मी साहेबांना सांगितलं, त्यांनी माझं कौतुक केलं. वेल्डिंगचा माल तर पूर्वीइतकाच निघतोय, मग क्रेट इतक्या लवकर रिकामे होतातच कसे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग एका सकाळी कॅन्टीनच्या मावशी माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या हातात ब्रॅकेट होता.

"ताई, ह्ये बटाटं किती शिट्ट्यांत शिजत्यात?"

कॅन्टीनमागच्या खोलीत मावशींची बटाट्याची पोती असत. त्यांच्या मागं तशीच आणखी पोती ओळीनं उभी होती. सगळ्यांत डावे ब्रॅकेट.

मामांनी काही लपवलं नाही. "रिकामा क्रेट दिसला की भरायचा, असं तुमीच सांगितलं. मी तो पोत्यात रिकामा केला. मग भरला."

साहेब आले, पोती बघितली आणि बराच वेळ कपाळ चोळत राहिले. ओरडण्याची त्यांची तयारी दिसत होती, पण मामा हळू आवाजात म्हणाले, "घरी गेल्यावर नात इचारती, आज किती केलं. बसलो हुतो म्हणून सांगू का तिला?" साहेब एका पोत्याचं तोंड बांधायला लागले. मी रंगीत आकृत्या काढून भिंतीवर लावल्या होत्या. त्यात नात कुठंच नव्हती.

मावशींनी मध्ये तोंड घातलं. "बसवत न्हाई तर माझा लसूण सोला." मामा खरोखर कॅन्टीनच्या पायरीवर बसले आणि दुपारपर्यंत आठवडाभराचा लसूण सोलून ठेवला. दुसऱ्या दिवशी मावशींनी त्यांच्यापुढं एक वाटी आपटली. "एवढी भरली की उठायचं. सोललेला लसूण सुकून जातो माझा." मामांनी मान हलवली. माझ्याशी मात्र त्यांनी तासभर वाद घातला होता.

पुढं एक दिवस असा आला की सकाळपासून एकही क्रेट परत येईना. वाटी भरली, मामा उठले, प्रेसभोवती फेऱ्या मारल्या, आणि शेवटी क्रेट कुणी अडवलेत ते बघायला स्वतः वेल्डिंगकडे निघाले. भांडण होणार म्हणून मीही मागं गेले.

वेल्डर बिहारचा, अबोल माणूस. तो वेल्डिंग करतच नव्हता. कानस घेऊन एकेका ब्रॅकेटचं भोक घासत बसला होता. मामांनी त्यातला एक उचलला, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा तोंडात घातला. कड ब्लेडसारखी झाली होती. डायची धार गेली, की पत्रा नीट कापला न जाता फाटतो आणि कड अशी निघते; आणि डाय मामांची होती.

"इतना दिवस बोला क्यों न्हाई?" मामांनी विचारलं.

वेल्डरनं कानस खाली ठेवली. "आप रुकते कब थे?"

मामांनी डाय उतरवून धार लावायला पाठवली आणि उरलेली दुपार दुसरी कानस घेऊन वेल्डरशेजारी भोकं घासत बसले. संध्याकाळी जाताना माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, उद्या उजव्याची चढवतो. त्याला लागणार हायेत म्हणतोय."

तेव्हापासून प्रेसवर ढीग लागत नाही. आता तो पुढं, रंगकामाच्या विभागात लागतो. तो विभाग साहेबांचे मेहुणे सांभाळतात. तिथं चौकोन कुणी आखायचा, हे अजून ठरलेलं नाही.