पाटामागचा उजेड

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला "पुरावा दाखव" म्हणून गप्प बसवणारा माणूस मी. आता पुरावा माझ्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि गप्प बसलोय मी...

मी सेलूला राहतो, घरूनच व्हिडिओ एडिटिंग करतो. या उन्हाळ्यात चुलत बहीण पल्लवीचं लग्न राणीसावरगावला झालं. काकू आदल्या वर्षी गेली. "पोरीचं कन्यादान माझ्या हातानं करीन," एवढंच ती आजारपणात म्हणायची. बायको नसली की तिच्या जागी सुपारी मांडून विधी करायचा, ही आपल्याकडची रीत. काकांच्या उजव्या हाताला रिकामा पाट होता, त्यावर सुपारी. लग्नानंतर काकांचं एकच पालुपद — "म्या एकट्यानंच दिली रे पोरगी." जेवण सुटलं होतं त्यांचं.

मांडवातल्या एलईडी दिव्यांमुळे शूटिंग लुकलुकत होतं. ते घालवायला सॉफ्टवेअरमध्ये चित्रावर एक चौकोन आखतात. त्या चौकोनात प्रत्येक फ्रेमला किती उजेड आहे ते मोजून आलेख निघतो, मग सगळ्या फ्रेम एकसारख्या करायच्या. मी चौकोन आखला पाटामागच्या पांढऱ्या पडद्यावर. तिथे कोणी नव्हतं म्हणूनच.

आलेख बारीक थरथरत गेला... आणि गुरुजींनी सुपारी मांडली तिथे हळूच खाली उतरला. विधीभर खालीच. सुपारी उचलली, आलेख वर. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. चौकोन काकांच्या डावीकडे नेला, तिथे नुसती थरथर. कॅमेरा स्टँडवर, सेटिंग मॅन्युअल, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप उजेड कमी-जास्त केला असंही नाही. चिडून पुन्हा पुन्हा मोजलं, उठलो, बसलो, चहा गार झाला. शेवटी म्हटलं, मरू दे. सगळं सपाट केलं आणि कोणाला काही बोललो नाही.

रविवारी दुपारी काका बघायला आले. कन्यादान सुरू झालं तसे पुढे वाकले.

"हितं जरासा अंधार होता की. कुठं गेला?"

मी घाबरलो, खरंच. "तुम्हाला कसं माहीत?"

"तिथंच तर बसलो होतो मी."

मी मूळ शूटिंग लावलं. मला दोन्ही सारखीच दिसतात. काका मात्र बघत राहिले, मग पलंगावर डावीकडे सरकले, उजव्या हाताला जागा ठेवून.

"पुन्ना लाव," म्हणाले. थोड्या वेळानं माझ्या बायकोला हाक मारली, "सूनबाई, भाकर वाढ."

जाणकार मित्रांना आलेख दाखवला. कारण कोणालाच सापडलं नाही, मलाही नाही. पल्लवीच्या फिल्ममध्ये तेवढ्या फ्रेम मी पुन्हा मूळच्या होत्या तशा ठेवल्या. लुकलुकतात... लुकलुकू देत.