जीनमागची पाळण्यांची खोली

अक्का, दादानं बंडी जुपली तवा तू दारात आली नाई, चुलीपाशी रडत बसली होती. मले मालूम हाय. मी विधवा बाई एकटी वाशीमले नोकरीले चालली म्हनून अर्धं शिरपूर पाह्यले आलं होतं. आई तेवढी चाकाजवळ येऊन म्हनली, "दुसऱ्याचं लेकरू सांभाळनं म्हनजे इस्तवाशी खेळ हाय, पोरी." मले रागच आला. मी चार बुकं शिकलेली, मले काहून जमनार नाई?

अन् जमलं बी. सरकी काढाच्या कारखान्यामागं, जीनमागं, टिनाची खोली, दोरीचे चौदा पाळने. बाया तिकडं मशिनीत कापूस लोटत, लेकरं माह्यापाशी. दुपारचा भोंगा वाजला की पाजाले पळत येत. तू घरी दोन पोरांनी कावून जायची, मी चौदा झुलवत होती! निजून राहावं म्हनून कोनी लेकराले अफू देऊन आनलं की मी तिले फाडून खायची. "अफूवालं लेकरू घेनार नाई," असं बजावलंच होतं. म्हनून बाया चोरून देत. हे मले समजाले पायजे होतं.

एक दिवस तपासनीचे इंग्रज साहेब खोली पाह्यले येनार होते. मालकानं सांगतलं, रडारड झाली तं खोली बंद. नेमका चंद्रीचा सहा महिन्यांचा किसन आल्यापासून किरकिर करून राह्यला होता. दात येत होते बिचाऱ्याचे. एका बाईपासून हिसकावलेली अफूची गोळी कोनाड्यात पडली होती. म्या तिचा मोहरीएवढा कन त्याले चाटवला. हो, म्याच.

साहेब खुश होऊन गेले. भोंगा झाला, चंद्री पाजाले आली, अन् किसन उठलाच नाई.

ती माह्या पायावर पडली. "बाई, म्याच मारलं वो त्याले! सकाळी गोळी देल्ली, तरी दातानं रडतच होता; तुमच्या भेवानं सांगतलं नाई."

म्या तिले उठवलं, पदरानं तिचे डोळे पुसले, अन् तोंड उघडलं नाई. नोकरी जाईल म्हनून. आग लागो त्या नोकरीले!

त्याले बारा वर्सं झाली. तू दर दिवाळीले लिहितेस, घरी ये. कोन्त्या तोंडानं येऊ? तू आता झालेला नातू माह्या मांडीवर देशील, अन् मले तो घेववनार नाई.

या हंगामात चंद्री परत जीनवर कामाले आली. कडेवर दोन महिन्यांची पोरगी. म्हनली, "बाई, दुसऱ्या कोनाच्या हाती देत नाई मी. तुमाले अफू चालत नाई ना."

पोरगी आता पाळन्यात निजली हाय. मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसली हाय, श्वास चालू हाय का पाहत. माह्यं घर आता एवढंच, अक्का.