करमाडचं मुंगूस

पुण्याहून मी गेले ती खोकड (लहान कोल्हा) बघायला. शहरात छावणी भागातल्या मैत्रिणीकडे उतरले आणि सकाळीच भाड्याच्या गाडीने करमाडचा माळ गाठला. खोकड कुठलं दिसायला! दिसले ते काटे. मी चिडून परत फिरले, तर माळाकडेच्या घरातून राधाबाईंनी हाक मारली, "उगी उन्हात फिरता बाई. च्या घ्या."

घर मेंढपाळाचं. भाकरीबरोबरचा ठेचा इतका झणझणीत, की डोळ्यांत पाणी आलं आणि राग पळाला. लेकीला बघायला दुपारी पाहुणे यायचे होते, म्हणून घरात गडबड होती.

तेवढ्यात अंगणात मुंगूस आलं. राधाबाईंनी हात जोडले. "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव! बघा, शकुन झाला. पोरीचं जमतंय आज."

मुंगूस माणूस दिसताच पळतं. हे पळेना. झोकांड्या खात होतं, तोंडाला लाळ. पिसाळलं तर नाही ना, अशी शंका मला आली, स्पष्ट आली. पण इतक्या जवळून फोटो कधी मिळायचा? मी म्हणाले, "मावशी, दुधाची वाटी ठेवा ना पुढ्यात."

त्या वाकल्या आणि ते मनगटाला कडकडून चावलं. मग धडपडत बाभळीखाली जाऊन पडलं.

साबणाने हात धुवायला त्या तयार झाल्या, पण सुईचं नाव काढताच उसळल्या. "हळद लावते की! पाहुणे यायच्या टायमाला घर सोडू व्हय? शकुनाचं जनावर हाय, त्यानं काय व्हत नाय."

सुई वेळेवर मिळाली नाही, तर या रोगातून माणूस वाचत नाही. शेवटी मला बोलावंच लागलं. "मावशी, ते पिसाळलेलं असेल असं मला आधीच वाटलं होतं. फोटोपायी गप्प बसले."

त्यांनी नुसतं पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! मग त्यांनी चपला घातल्या.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात दंडावर सुई बसली, जखमेभोवतीही टोचलं. पुढच्या सुयांना मैत्रीण नेणार असं ठरलं.

परतलो तर पाहुणे ताटकळत बसलेले. मुलाच्या आईने कपाळाला आठी घातली. "इतका येळ कुठं व्हता?"

आता माझं पितळ उघडं पडणार, पडायलाच हवं, असं वाटलं. राधाबाई म्हणाल्या, "मुंगूस चावलं. ह्या बाईनं समदं सोडून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले."

लग्न जमलं. राधाबाईंनी लेकीच्या आधी मला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. "देवावानी आलात." मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, बाई किती साधी!

बसमध्ये नारळ मांडीवर घेऊन आले. शरमेने जीव अर्धा झालाय. घरचे विचारतात, फोडत का नाहीस? काय सांगू, तो माझा नाही.