न उडणाऱ्या फ्लॅशची वाट

लग्नाच्या हॉलवर गजानन मयेकर सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि पहिली दहा मिनिटं काहीच करायचा नाही. रिकाम्या स्टेजवर स्टँड उभा करायचा, त्यावर फ्लॅश लावून चालू करायचा आणि हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत राहायचा. तुमच्या आईच्या लग्नात वरपक्षाच्या एका काकांना ते बघवेना.

"अहो फोटोवाले, नुसते उभे काय राहिलात?"

"फ्लॅश उडत नाय ना, ते बघतोय."

"मग बटण दाबा की, उडेल!"

"उडायला नकोच हाय, काका. म्हणून तर बघतोय."

काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी मात्र गजाननच्या शेजारी देवाचं नाव घेत उभी होते. परवा व्हिडिओ कॉलवर तो अल्बम बघताना तुम्ही दोघं हसलात ना, की सुलूमावशी सगळ्या फोटोंत उभ्या उभ्या झोपलीये? त्या मिटलेल्या डोळ्यांची ही हकीकत आहे.

गजानन मिरकरवाडा बंदरावरचा, मी शाळेत शिकवायचे तेव्हाचा माझा विद्यार्थी. इंग्रजीत कच्चा, पण "अभ्यास का नाही केलास?" विचारलं तर "कंटाळा आला, बाई" असं सरळ सांगणारा तो एकटाच. शाळा सुटल्यावर दहा वर्षं मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. बोटीवरचा वायरलेस त्याच्याकडे असे. एकदा जाळं ओढताना दोरात डावा हात सापडला आणि दोन बोटं गेली. मग तो किनाऱ्यावर आला आणि कॅमेरा घेतला. "धरायला तीन बोटं पुष्कळ झाली," म्हणायचा.

तुमच्या आईच्या साखरपुड्याचे फोटो दुसऱ्या कोणीतरी काढले होते. कुणीही पाहुण्याने आपल्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढला की त्या फोटोग्राफरचा स्टँडवरचा मोठा फ्लॅशही आपोआप उडायचा. सगळे एकदम पुढे सरसावले तेव्हा नुसता लखलखाट झाला. सुलूला त्या काळात फिट यायच्या, आणि लागोपाठचा लखलखाट टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती भर समारंभात कोसळली. थोड्या वेळाने सावरली, पण घरी आल्यावर म्हणाली, "ताईच्या लग्नात मी खोलीतच बसेन."

ती करवली होती. मंगलाष्टकांच्या वेळी पेटत्या दिव्याचा करा हातात घेऊन तिनेच नवरीमागे उभं राहायचं. तुमची आई हट्टी. "सुलू मागे नसेल तर मला एकही फोटो नको," म्हणाली. माझ्या दोघी लेकी दोन खोल्यांत रडत बसल्या आणि मी गजाननकडे गेले.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "पाहुण्यांचा दोष नाय, बाई. ह्या फ्लॅशला डोळा असतो. दुसऱ्याचा उजेड बघलान की हा पण पेटतो. पाहुण्यांना फ्लॅश बंद ठेवायला सांगू. कोण इसरलाच तर म्हणून ह्याचा डोळा मी बंद करीन, वर काळी पट्टी लावीन. आणि फ्लॅश लागलाच तर एका वेळी एक. त्याच्याआधी मी हा हात वर करीन. हात वर, सुलूताईंचे डोळे बंद. हात खाली, डोळे उघडे." मी डॉक्टरांना विचारून आले. अधूनमधून एखादा, तोही डोळे मिटलेले असताना, चालेल म्हणाले.

आणि आता लग्नाच्या दिवशी, काकांचं बोलणं संपतंय न संपतंय तोच, तो स्टँडवरचा फ्लॅश आपोआप उडाला.

"कोणी दाबलान?" गजानन ओरडला. कोणीच नाही. पुन्हा उडाला. मग तिसऱ्यांदा. सुलू दारात करा घेऊन उभी होती. तिने ते पाहिलं आणि मागे वळून खोलीत गेली.

गजाननने काळी पट्टी तपासली. ती जागच्या जागी होती. मग त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर दुसरं लग्न होतं.

"बाई, कॅमेऱ्याचा हुकूम फ्लॅशला वायरलेसवर जातो. त्याला चॅनेल असतात, बोटीवरच्यासारखे. बाकीचे लोक कंपनीतनं आला तसा एक नंबरच ठेवतात, म्हणून मी आठ ठेवतो. आमच्या बोटी आठवर बोलायच्या." तो थांबला आणि एकदम हसायलाच लागला. "म्हणजे वरचा पण आमच्यातलाच हाय!"

जिना चढून गेला आणि एका दाढीवाल्या फोटोग्राफरला खांद्याला धरून खाली घेऊन आला. हा गृहस्थ गजाननच्याच बोटीवर भात शिजवायचा! दोघांनीही सवयीने तोच आकडा लावला होता.

"दर्यावर एका चॅनेलवर असलेलं बरं," गजानन त्याला म्हणाला, "हितं नको रे बाबा. आठ तुला ठेव, मी तीन घेतो. आता वर जा नि सारखा उडव."

आणि पुन्हा हाताची घडी. वर फ्लॅश उडत होते, गॅलरीतून उजेड दिसत होता. आमचा गप्प होता. गुरुजींनी दोनदा हाक मारली. "अजून चार मिनिटं, गुरुजी. मुहूर्ताला येळ हाय," म्हणून त्याने त्यांनाही थांबवलं. ती चार मिनिटं संपल्यावर तो स्वतः सुलूच्या खोलीशी गेला. "चला सुलूताई. नाय उडत आता. उडालाच तर माझी उरलेली तीन बोटं तुमची."

सुलू हसली आणि उठली.

मंगलाष्टकं सुरू झाली. तो तीन बोटांचा हात वर जायचा, सुलूचे डोळे मिटायचे, एकदाच उजेड व्हायचा, हात खाली. करा हलला नाही. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री सुरू झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या, घामाने ओल्या झालेल्या. मी त्या सगळ्या एकदम टाकल्या आणि खुर्चीत बसून पोटभर रडले.

आपल्या घरातल्या हॉलमधला सुलूचा फोटो त्याच दिवसाचा आहे, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढलेला. त्यात तिचे डोळे उघडे आहेत.

औषधांनी सुलूच्या फिट केव्हाच्याच थांबल्या. गेल्या मे महिन्यात शेजारच्यांकडच्या लग्नात गजानन फोटो काढायला आला होता. ते त्याचं शेवटचं काम, आता गुडघे ऐकत नाहीत. सुलू पहिल्या रांगेत बसली होती. फोटो काढण्याआधी त्याने डावा हात वर केला. तिने डोळे मिटले. उजेड झाला, हात खाली आला.

"गजाभाऊ," सुलू म्हणाली, "आता गरज नाही हो त्याची."

"माहीत हाय," तो म्हणाला. "पण मिटलेत ना?"