लोमेतलं शटर
मिलच्या हौदातून उकडत्या धानाचा आंबूस वास आला की मला अजून भाऊजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, जेवणाचं ताट आठवतं. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. आंधळगावच्या आमच्या मिलचा उकडा तांदूळ विकायला भाऊजींनी आफ्रिकेतल्या टोगो देशात, लोमे शहरात कंपनी काढली, कागदावर मालक मला केलं, आणि धंदा चालेना म्हणून वर्षभरात परत आले. पुढे मी माझ्या स्वतःच्या नावानं तिथं माल पाठवला, तर तो बंदरावर अडवला. आधी तुमच्या त्या जुन्या कंपनीचा थकलेला कर भरा, म्हणाले. त्या दुपारी भाऊजी आमच्याकडे पाटावर जेवायला बसले होते. "भाऊजी, कंपनी बंद काहून नाही केली?" "बंदच त केली! शटर पाडून आलो ना मी." हंगाम संपला की आम्ही मिलचं पाडतो, अगदी तसं. "तिथी अर्ज द्या लागते! नाही त विक्री नसली तरी कर चढत राह्यते. तांदूळ सडून राहिला तिथी!" "मंग कंपनी तुह्या नावावर आहे, तूच जाऊन ये," म्हणत त्यांनी वाटी पुढे केली. "जवाई आहेत, चूप बस," म्हणून आईनं वरण वाढलं. मी ते ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं. तो तांदूळ काही परत आला नाही. ताई मात्र अजून राखीला येते. भाऊजी फाटकाबाहेर गाडीतच बसून राहतात. बाहेर चहा पाठवू का, असं आई दर वर्षी विचारते, आणि मी दर वर्षी नाही म्हणतो.