स्कीला पडलेलं आरपार भोक
एपॉक्सी गोंदाचा उग्र वास आला की घाटकोपरच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल आठवतं. धाकट्या बहिणीला स्कीइंगच्या शिबिरासाठी गुलमर्गला जायचं होतं. तिने जुन्या स्की मिळवल्या होत्या. त्यांवर बूट अडकवायची बाइंडिंग मात्र नव्याने बसवायची होती. कारखान्यात आयुष्यभर फिटर असलेले बाबा म्हणाले, “दुकान कशाला? मी आहे ना!” त्यांनी स्कीवर कागदी साचा चिकटवला, पंचने खुणा ठोकल्या. स्क्रूसाठी प्रत्येक भोक नऊ मिलिमीटरच खोल हवं होतं. “बाबा, ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळा ना, खोली कळेल,” बहीण म्हणाली. “टेप शिकाऊ लावतात गं,” ते हसले. सात भोकं नेमकी पडली. आठव्याला बिट स्कीच्या तळातून थेट टेबलात घुसलं. “असू दे बाबा, तिथे भाड्याने मिळतात,” ती चटकन म्हणाली. बाबांनी भोकात एपॉक्सी भरलं, ड्रिल पुसून पेटीत ठेवलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. नंतर घरात साधा खिळा ठोकायलाही सुतार येऊ लागला. त्यांचा हात कापतोय हे मला पहिल्याच भोकाच्या वेळी दिसलं होतं. त्यांना टोकायचं कसं, म्हणून मी गप्प राहिलो. आता बाबा नाहीत. बहिणीला हे मी अजून सांगितलेलं नाही.