चिलेक्वाने पाणी तोडलं

नदीतले खेकडे भराभर काठावर चढत होते. एक नाही, दोन नाही, पाचपन्नास! चिलेक्वाने मक्याच्या घट्ट न्शिमाचा घास डब्यात टाकला आणि ती पायऱ्या उतरत धावली.

सत्तावीस वर्षं ती गावाच्या पाणीघरात होती. लागली तेव्हा नदीचं पाणी आत घेणाऱ्या जाळीतला पालापाचोळा काढायची. मग बघून बघून पंप शिकली, व्हॉल्व्ह शिकली, पाणी तपासायला शिकली. वरच्या अंगाला तांब्याची खाण, तिच्या तेजाबी गाळाचा बांध, आणि खाली चाळीस हजारांचं गाव. त्या बांधाचा तिला कधीच भरवसा वाटला नव्हता.

जाळीच्या बरंच वर, काठाने धावत जाऊन निळा लिटमस तिने पाण्यात बुडवला. डोळ्यांदेखत लालभडक! ती ओरडतच परत धावली.

"कटेबे, पंप थांबव! बांध फुटला वाटतं, तेजाब आलंय!"

पंपावरचा कटेबे गडबडला. गावात सगळे तिला मायो, म्हणजे आई, म्हणत. "मायो, साहेबांना न विचारता?"

तिने शहरातल्या इंजिनिअर सिमुचिंबांना फोन लावला. ते कडाडले, "लेखी हुकमाशिवाय हात लावायचा नाही! इस्पितळ आहे, शाळा आहेत, सगळ्यांचं पाणी तुटेल!"

"त्यांच्यासाठीच तोडतेय, साहेब," म्हणत तिने फोन ठेवला.

पंप थांबले. पण मुख्य व्हॉल्व्हचं चाक अर्ध्यावर अडकलं. नदीत निळसर-पिवळा पट्टा दिसू लागला होता, जाळीपासून जेमतेम शंभर पावलांवर. चिलेक्वाने चाकात पहार घातली.

"नोकरी गेली तर तुमच्याकडे जेवायला येईन, सांगून ठेवतो!" कटेबे ओरडला.

"ये की! सुके मासे तळून घालीन. आधी जोर लाव, मेल्या!"

चाक करकरलं, हललं, फिरलं. शेवटचा आटा बसला आणि पुढच्याच क्षणी पट्टा जाळीवर येऊन आदळला. दोघं धापा टाकत एकमेकांकडे बघून वेड्यासारखी हसत सुटली.

मग चिलेक्वा चर्चच्या गाडीत बसली आणि भोंग्यावरून घसा फुटेस्तोवर ओरडत गावभर फिरली, "नदीवर कुणी जाऊ नका! नळाचं पाणी चांगलंय, पण टाकीत आहे तेवढंच; फक्त प्यायला वापरा!"

दुपारी सिमुचिंबा तणतणत आले. काठावर पांढऱ्या पोटांच्या माशांचा खच बघून मात्र ते जागीच थबकले.

"मायो... टाकीत किती गेलं?"

"थेंबसुद्धा नाही."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला: तेजाब, तांबं, मँगनीज, सगळं मर्यादेच्या कितीतरी पट. गावात एकही माणूस त्या पाण्याने आजारी पडला नव्हता. पाच आठवडे टँकर आले. नदीकाठची मक्याची शेतं करपली. त्यांच्या भरपाईसाठी खाणीशी भांडण अजून चालूच आहे.

पुढे वरून नवा नियम आला: पाण्यात विष दिसलं, तर पाणीघरात हजर असलेल्या माणसाने कुणालाही न विचारता पाणी तोडावं. चिलेक्वाने तो कागद कटेबेकडून मोठ्याने वाचून घेतला. "आता पुन्हा," ती म्हणाली, "जरा सावकाश."